मीठवालीचं काय झालं

मी साताऱ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सव्वीस वर्षं झाली. या कामाची एक खोड अंगाला चिकटते, कुठल्याही पुस्तकात नकाशा दिसला की मी आधी नद्या तपासते. बंगळूरला नोकरीला जाताना मुलीनं मराठीत अनुवाद झालेली पाच जाडजूड पुस्तकं माझ्या पलंगावर टाकली आणि "हे वाचच," म्हणाली. पहिल्याचं पहिलं पान उघडलं तर तिथे एक अख्खं काल्पनिक जग काढलेलं, आणि त्यातली सगळ्यात मोठी नदी सपाट वाळवंटातून निघून डोंगररांग चढून पलीकडे जात होती. मी विचारलं, हिला उतार कुठाय? मुलगी म्हणाली, यात माणसांशी बोलणारे ड्रॅगन आहेत, आणि तुला उताराची काळजी पडलीय.

पडली होती. जे घडलंच नाही ते कशाला वाचायचं, हे मत मी पन्नाशीपर्यंत नीट सांभाळलं होतं. चरित्रं, प्रवासवर्णनं, फार तर एखादी पोलिसतपासाची कादंबरी. जादू, राजे, तलवारी हे ज्यांना पुरेशी कामं नसतात त्यांच्यासाठी, असं मी हळदीकुंकवातसुद्धा बोलून दाखवलेलं आहे. पुस्तकं कपाटाशेजारी रचली आणि त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. उंची बरोबर जमायची.

या बाबतीत माझ्याहून कडक एकच बाई होती, माझी सासू. आमच्या सासरी सासूला आत्ती म्हणतात. आत्ती सांगलीत गावभागात एकट्या राहायच्या आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कांडप होतं. लोक मिरची, हळकुंडं, मसाल्याचं सामान आणून द्यायचे, त्या यंत्रावर कांडून द्यायच्या. तीस वर्षं हळद दळून त्यांचे तळवे कायमचे पिवळे झाले होते. हळदीत कुणी पीठ मिसळलं असेल तर त्या चिमूट घेऊन अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायच्या आणि सांगायच्या. त्यांचं वाचन म्हणजे पेपरातला मिरचीचा भाव आणि निधनवार्ता. दोन्ही खरं असतं, असं त्यांचं म्हणणं.

आमचे संबंध चांगले होते, म्हणजे थोडे होते. मी दिवाळीला आणि उन्हाळ्यात जायची. त्या मला वर्षाचं तिखट द्यायच्या, मी त्यांना साडी द्यायची. सत्तावीस वर्षांत आम्ही दोघी एखाद्या गोष्टीवर तासभर बोललोय असं मला आठवत नाही.

मार्चमध्ये त्यांचे डोळे पिवळे झाले. फोनवर त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं भायेरनं पिवळी व्हते, आता आतनं झाले." आम्ही दोघं साताऱ्याहून गेलो, सांगलीतल्या एका दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या. मग डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आणि मला शेजारच्या खोलीत बोलावलं. आत्तींना नाही. आमच्याकडे आजार ज्याचा त्याला सांगत नाहीत, त्याच्या मुलाला सांगतात. स्वादुपिंडात गाठ होती. पसरली होती. पित्त वाहायला नळी घालता येईल, त्यानं कावीळ उतरेल, बरं वाटेल. पण चार महिने, फार तर सहा.

दाराबाहेर येईपर्यंत नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं. वाईच्या नणंदेला फोन लागला, ती रडत रडत तेच म्हणाली. आईला काही सांगायचं नाही, ती हाय खाईल. मग सगळ्यांसाठी एक वाक्य तयार झालं: पित्ताचा खडा होता, नळी घातलीय, आता हळूहळू सुधारेल. शेजाऱ्यांना, भावकीला, कांडपावर कामाला असलेल्या बाईला, सगळ्यांना तेच. चुकीच्या जागी घाट दाखवला म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापणारी मी, ते वाक्य पाठ केलं आणि कुठंही न अडखळता म्हणू लागले.

दवाखान्यात रात्री नवरा थांबायचा, दिवसा मी. घाईत भरलेल्या पिशवीत कपड्यांबरोबर त्या ढिगातलं सगळ्यात वरचं पुस्तक आलं होतं. म्हणजे मी आणलं नव्हतं, ते आलं होतं. दुसरं काही नव्हतं म्हणून मी उघडलं. आत्ती थोडा वेळ छताकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, मनातल्या मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच की, मला बी कळू दे. मी आधीच माफी मागितली, म्हटलं, हे सगळं खोटं आहे हं.

पहिल्या पन्नास पानांत त्यांनी त्या लेखकाला कोर्टात उभं केलं. एवढं मोठं जनावर, ते दिवसाला खातंय किती? त्याला चारा कोण घालतंय? राजाला तीन राण्या, मग सैपाक कुणी करायचा? मी नदीच्या उताराची तक्रार केली तर म्हणाल्या, ते जाऊ दे, पुढं वाच. नावं उच्चारणं माझ्या जिभेला जमत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं उरकलं. काळा ड्रॅगन झाला रेडा. कपटी मंत्री झाला वखारवाला, कारण सांगलीतला एक वखारवाला अगदी तसाच बोलायचा म्हणे. मला हे सगळं शाळेत नको तिथं आठवायचं.

मग पूर आला. पुस्तकात. राजधानीत नदी घुसते, लोक सैरावैरा पळतात, सैनिक खजिना हलवतात, आणि एका गल्लीत एक म्हातारी, जिला पुस्तकात धड नावही नाही, मिठाचं पोतं ओढत जिना चढते. शेजारीण ओरडते, अगं कपडे घे, भांडी घे. म्हातारी म्हणते, कपडे वाळतात.

आत्ती उठून बसल्या. नळीला हिसका बसला, नर्स रागावली.

"ह्यानं पूर बघितलाय," त्या म्हणाल्या. "मीठच. आदी मीठच हलवत्यात."

सांगलीच्या त्या मोठ्या पुरात कांडपाच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं, यंत्र बुडालं, हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की पाणी गटारीतून उलटं वर येताना पाहिल्यावर त्यांनी आधी मीठ माळ्यावर नेलं, मग मिरची, आणि पैशाचा डबा खालीच राहिला. हळद भिजली तर वाळवता येते, मीठ गेलं की गेलं. हे सांगायला त्यांना एक ड्रॅगनवाला लागला. नकाशातली नदी मी तेव्हाच माफ करून टाकली.

त्या दिवसापासून आम्हा दोघींचं सुटेना. कावीळ उतरली, आम्ही त्यांना साताऱ्याला आणलं, तिसऱ्या मजल्यावर. माझी शाळा सकाळची, पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली. रोज जेवण झालं की त्या उशीला टेकून बसायच्या आणि मी वाचायची, चहापर्यंत. पुस्तक विटेएवढं जड, त्यांना हातात धरवायचं नाही. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, काय, रेडा उडाला का आज? आम्ही दोघी त्याच्याकडे अशा बघायचो की तो निघून जायचा.

मीठवाली म्हातारी सगळ्या पुस्तकांतून फिरत राहिली. राजे मेले, राजपुत्र पांगळे झाले, ती मात्र आपलं मीठ विकत या सैन्यातून त्या सैन्यात. आत्तींना बाकी कुणाशी घेणं नव्हतं. धडा संपला की एकच प्रश्न, आपली मीठवाली कुठं हाय आता? तिसऱ्या भागात तिला खोकला लागला. आत्ती म्हणाल्या, ओवा खा म्हणावं.

पण पुस्तकाच्या मागे आणखी एक गोष्ट चालू होती, आणि तीच खरी होती. सांगलीत एप्रिल-मे म्हणजे तिखटाचा हंगाम. गावभर मिरच्या वाळत पडतात आणि वर्षाचा कांदा-लसूण मसाला कांडायला लोक रांग लावतात. कामावरची बाई यंत्र चालवत होती, पण आत्तींच्या मसाल्याचं माप तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. ते कुठं लिहिलेलं नव्हतं, ते आत्तींच्या मुठीत होतं. धने किती मुठी, तीळ किती, आणि सगळ्यात शेवटी मीठ, तेही मुठीनं. ती बाई रोज फोन करायची, मावशी, सांगा की. आत्ती म्हणायच्या, फोनवर मूठ कशी दावू? बरी झाले की येते, मसाल्याचा एक घाणा लावू, शेजारी बस, बघ.

बरी झाले की. दिवसातून चार वेळा ते ऐकू यायचं. मे संपत आल्यावर त्यांनी स्वतःच सोडून दिलं, म्हणाल्या, ऱ्हाऊ दे यंदा, पुढच्या हंगामाला दावते तिला. नवरा म्हणाला, हो, पुढच्या हंगामाला. नणंद वाईहून आली होती, तीही म्हणाली. मीही म्हणाले. म्हणताना मी त्यांच्या पांघरुणाची घडी नीट करत होते, असल्या वेळी हाताला काम लागतं.

आता माझा दुसरा गुन्हा. मी पुढचं चोरून वाचू लागले होते. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी पाचवा भाग पिशवीत घालून न्यायची. शिक्षकखोलीत हजेरीपटाखाली ठेवून वाचायची, आणि दुपारी आत्तींसमोर तेच पान पहिल्यांदा वाचतेय असा चेहरा करायची. एका सकाळी, मधल्या सुट्टीत, मीठवाली मेली. नावेतून नदी पार करताना, मिठाच्या पोत्यावर बसल्या बसल्या, काहीतरी सांगता सांगता. आणि दोन पानं कुणाच्या लक्षातच येत नाही. नाव चालत राहते. पुढच्या तासाला मी आठवीच्या पोरांना दख्खनचं पठार शिकवलं, काय शिकवलं मला माहीत नाही.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं, दवाखान्याच्या दाराबाहेर नवऱ्याचं ठरलं होतं तसंच. आत्तींना हे ऐकवायचं नाही.

दुपारी मी वाचायला बसले. नावेपर्यंत छापलेलं वाचलं. मग माझं सुरू झालं. नाव काठाला लागली, म्हातारी उतरली, काठावरच्या गावात तिची भाची राहत होती. ही भाची पाच भागांत कुठंही नव्हती, ती मी त्या क्षणी जन्माला घातली. भाचीनं तिला आत नेलं. गावची हवा कोरडी. खोकला कमी झाला. पुढं काय करावं सुचेना, म्हणून मी भाचीला चहा टाकायला लावला, आलं घालून. ज्या जगात तोवर कुणी चहा प्यायलेलं नव्हतं, त्या जगात.

"पान उलटलं न्हाईस," आत्ती म्हणाल्या.

"काय?"

"मगाधरनं वाचतीयास. पान उलटल्याचा आवाज न्हाई आला."

मी घाईनं एक पान उलटलं. डोळे मिटूनच त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, चिमटीत काहीतरी असल्यासारखं.

"ह्यात पीठ हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही हो आत्ती, असंच लिहिलंय. त्यांनी डोळे उघडले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्या जणू गिऱ्हाइकाला समजावून सांगत होत्या. म्हणाल्या, त्या माणसानं तीन पुस्तकं तिला खोकला लावून ठेवलाय. राजाला सोडलं न्हाई त्यानं, पोराटोरांना सोडलं न्हाई, आणि हिला चहा पाजून घरी धाडंल व्हय? "वाच. लिवलंय तसं वाच."

मी मागं गेले आणि वाचलं. नाव, पोतं, अर्धवट राहिलेलं वाक्य. दोन पानं. दोन्ही वेळा पान उलटल्याचा आवाज खोलीत फार मोठा आला.

 खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. मग म्हणाल्या, "बसल्या जागी गेली. आपल्या मिठावर." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "आता माझं सांग. लिवलंय तसं."

मी सांगितलं. खडा नव्हता, गाठ आहे. पसरलीय. डॉक्टरांनी चार ते सहा महिने म्हटलं होतं. मार्चात. सव्वीस वर्षं वर्गापुढे बोलणाऱ्या बाईला एवढी चार वाक्यं बोलायला दोनदा थांबावं लागलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मला वाटलं, किती उरले ते मोजतायत. त्या किती गेले ते मोजत होत्या.

"म्हंजे हंगाम गेला की गं माझा," त्या म्हणाल्या.

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चहा झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, त्याला सांगू नगोस मला कळलंय म्हणून. त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी का विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की सासरे गेले तेव्हा हा कऱ्हाडला वसतिगृहात होता आणि त्याचे शेवटच्या वर्षाचे दोन पेपर राहिले होते. आत्तींनी निरोपच पाठवला नाही. पेपर होऊ दिले, मग बोलावून घेतलं. तो आला तेव्हा बापाची राखसुद्धा सावडून झाली होती. त्यानं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

"त्यो माज्याकडनंच शिकलाय," त्या म्हणाल्या. "आता त्याला कुठं तोंडावर पाडू."

मी कबूल केलं. आणि इथं मी जी चूक केली तिला ड्रॅगनची सबब नाही.

आत्तींना सांगलीला जायचं होतं, ताबडतोब. पण 'मला कळलंय' असं त्यांना म्हणायचं नव्हतं. मग त्या रोज नवऱ्याला वेगवेगळी कारणं सांगायच्या. घर बंद हाय, वास येतोय म्हणं. यंत्राला वंगण घालायचं हाय. आता मला लय बरं वाटतंय. आणि तो रोज तेच उत्तर द्यायचा, आई, पूर्ण बरी झालीस की नेतो. माझा नवरा पाटबंधारे खात्यात आहे. धरणातून किती पाणी सोडलं ते तो दिवसभर लोकांना फोनवर बिनचूक सांगतो. घरी येऊन आईला बरी झालीस की म्हणतो, आणि ती व्हय म्हणते, आणि दोघांनाही माहीत असतं. मी मध्ये पोळ्या लाटत असते. असे अकरा दिवस गेले. मला वाटत होतं, मी दिलेला शब्द पाळतेय. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की नवरा विचारेल, आईला कुणी सांगितलं?

बाराव्या दिवशी आत्तींना पलंगावरून उतरताना पाय टेकवेना. मी स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो पाण्याचा तांब्या हातात धरून उभा राहिला.

"तिला कळलं कसं?"

"पुस्तकातून."

"त्या रेड्याच्या?"

मी मान हलवली. मी तयारी केली होती ती भांडणाची, पण त्यानं तांब्या खाली ठेवला, जागेवर नीट ठेवला, आणि आईच्या खोलीत गेला. मी दाराशी होते.

"आई, उद्या सांगलीला जाऊ," तो म्हणाला.

"बरी झाले व्हय मी?"

"न्हाई," तो म्हणाला. नोकरी लागल्यापासून त्यानं घरात असं आईच्या बोलीतलं 'न्हाई' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मग चल," आत्ती म्हणाल्या.

सांगलीत आम्हाला नऊ दिवस मिळाले. त्यातले चार असे की त्या जाग्या होत्या आणि माणसं ओळखत होत्या. बाहेर पावसाची झड, मिरच्या उन्हात टाकायची सोय नाही. कामावरच्या बाईनं मिरच्या तव्यावर भाजून घेतल्या, खोबरं, कांदा, लसूण सगळं तळून तयार ठेवलं. आम्ही आत्तींना खुर्चीवर बसवून यंत्राजवळ नेलं. परातीत सामान मांडलं. ती बाई शेजारी बसली, वही घेऊन. आत्ती म्हणाल्या, वही ठेव, हाताकडं बघ.

त्यांनी धन्यात हात घातला आणि मूठ भरली. मी बघत होते, ती बाईही बघत होती, आणि दोघींनाही एकदमच दिसलं. मूठ लहान झाली होती. बोटं काड्यांसारखी, तळव्याचं मांस गेलेलं. पूर्वी त्या मुठीत जेवढे धने मावायचे त्याच्या निम्मेच आले असतील. आत्ती मोजत गेल्या, पाच, सहा, सवयीप्रमाणे सातला थांबल्या. परातीकडे बघितलं. त्यांच्याही लक्षात आलं. आणखी दोन मुठी टाकल्या, मग एक परत काढली. मीठ घालताना तर त्यांचा हात हवेतच राहिला.

घाणा निघाला. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि आम्ही वाट बघत बसलो.

"चवच लागंना," त्या म्हणाल्या. "सगळं कडू लागतंय. तूच बघ गं."

त्या बाईनं चाखलं आणि म्हणाली, झकास झालाय मावशी, अगदी तुमच्यावानी. आत्तींनी माझ्याकडे बघितलं. मी चाखलं. मला आत्तींच्या तिखटाची चव सत्तावीस वर्षांची माहीत होती. "उणा आहे," मी म्हटलं. "मीठ कमी आहे. अजून काय ते मला सांगता येत नाही." त्यांनी मान हलवली. दोन चिमट्या मीठ घातलं. मग म्हणाल्या, मार्चात आले असते तर. वाक्य पुरं केलं नाही.

पाचव्या भागाची शेवटची साठ पानं मी त्याच खोलीत वाचली, तिखटाच्या ठसक्यात खोकत. काही त्यांच्या कानात गेली असतील, काही नसतील. शेवटी सगळी राज्यं एक होतात, रेडा समुद्रात बुडतो, लग्नं लागतात. मला आवडला शेवट. आत्ती डोळे न उघडता म्हणाल्या, "घाई केली. पाच पुस्तकं वडलं आणि शेवटाला उरकून टाकलं." पुस्तकाबद्दल ते त्यांचं शेवटचं बोलणं. त्यानंतर त्या पाणी मागायच्या, आणि पोराला हाक मारायच्या, आणि तो जवळच असायचा.

तो घाणा आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला, वाईला नणंदेलाही दिला. गणपतीच्या आधी मी बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. मीठ कमी पडलं की तिखट पावसाळा काढत नाही, हे सांगलीतलं पोरसुद्धा सांगेल. मी वरचा थर खरवडून टाकला आणि खालचा वापरला. नवऱ्याला कळू दिलं नाही, असं मला वाटत होतं. तो जेवताना म्हणाला, बुरशी होती ना? मी हो म्हटलं. त्यानं आणखी आमटी वाढून घेतली. कांडप ती बाईच चालवते आता, स्वतःच्या मुठीनं. लोक येतात. वेगळं लागतं, म्हणतात, आणि नेतात.

पुस्तकं आता इस्त्रीच्या कपड्यांखाली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्यानं पहिला भाग काढला, बघू तरी आईला काय एवढं, असं म्हणत. नकाशा बघून म्हणाला, या नदीवर धरण बांधणाऱ्याचं काही खरं नाही. आठवड्यात पुरापर्यंत पोचला. त्या दुपारी तो गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा होता. नंतर तो ऑफिसला जाताना भाग पिशवीत घालून नेऊ लागला. मी कसली बोलणार.

परवा रविवारी तो तिसऱ्या भागाच्या शेवटाला होता. मी समोर पेपर तपासत बसले होते. त्यानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि विचारलं, "ही मीठवाली खोकतेय सारखी. वाचते का गं ती?"

माझ्या हातातलं लाल पेन थांबलं. उत्तरपत्रिकेत कुणीतरी कृष्णा अरबी समुद्राला मिळवली होती.

"नाही," मी म्हटलं. "पाचव्यात जाते. नावेत."

त्यानं बोटासकट पुस्तक मांडीवर ठेवलं.

"सांगायचं नव्हतंस."

"तुम्ही विचारलंत."

"हो, पण म्हणून लगेच सांगायचं नसतं," तो म्हणाला, आणि पुस्तक उघडून जिथं बोट होतं तिथून पुढं वाचू लागला.